कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली, आता शुगर लागणार का?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे : हृदयविकार आणि मधुमेह

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच धास्ती आहे: हृदयासाठी दिलेली गोळी मधुमेह लावते का? पण ‘हृदयाची गोळी’ नावाचं एक औषध नसतं. एकाच चिठ्ठीवरच्या पाच गोळ्यांपैकी एखादी साखर किंचित चढवते, दोघींचा साखरेशी काडीचा संबंध नसतो, आणि एखादी तर ती उतरवते. त्यामुळे उत्तरं गोळीगणिक दिली आहेत. पत्रं जागेअभावी कमी केली आहेत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : वय ५४, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६२, उपाशीपोटी साखर १०८, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९ टक्के. बीपीची गोळी चालू आहे. वडिलांना बावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. आईला आणि थोरल्या भावाला मधुमेह आहे. डॉक्टरांनी रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम लिहून दिलंय. मुलगा न्यू जर्सीला असतो, त्यानं तिकडच्या औषधाच्या माहितीपत्रकाचा फोटो पाठवला. त्यात रक्तातली साखर वाढू शकते असं छापलंय. घरात आधीच मधुमेह, त्यात ही गोळी. घ्यावी का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : छापलंय ते खरं आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०१२मध्ये स्टॅटिन गटाच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या तुमच्यासारख्या गोळ्यांच्या, माहितीपत्रकांत ही सूचना घालायला लावली. त्याआधी २००८ सालच्या ‘ज्युपिटर’ चाचणीत रोसुव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत ३ टक्के लोकांना, तर नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत २.४ टक्के लोकांना नव्यानं मधुमेह निघाला होता. २०१०मध्ये १३ चाचण्यांतल्या ९१ हजारांवर लोकांची माहिती एकत्र केली तेव्हा हिशेब असा निघाला: २५५ माणसांनी ४ वर्षं स्टॅटिन घेतलं, तर त्यांच्यात एक मधुमेही जास्तीचा सापडतो.

तो एक कोण असतो, हे जास्त महत्त्वाचं. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिसलं, की नव्यानं मधुमेही ठरलेल्यांपैकी सुमारे ६२ टक्के लोकांची साखर गोळी सुरू होण्याआधीच सर्वांत वरच्या चौथ्या हिश्श्यात होती. ते कुंपणावरच बसलेले होते, गोळीनं जरासा धक्का दिला. ज्युपिटरच्या आकड्यांतही हेच दिसतं: ज्यांना मधुमेह व्हायचाच होता त्यांचं निदान गोळीमुळे सरासरी साडेपाच आठवड्यांच्या आतबाहेर लवकर झालं. तुम्ही १०८ आणि ५.९वर आहात, म्हणजे कुंपणावरच. हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

आता दुसरं पारडं. एलडीएल दर ३९ मिलिग्रॅमनं उतरलं, की हार्ट अटॅक आणि पक्षाघातासारख्या मोठ्या घटना साधारण पाचव्या हिश्श्यानं कमी होतात. रोसुव्हास्टॅटिन १०नं एलडीएल ४५ टक्क्यांच्या आसपास उतरतं. तुमचं १६२ मग ९०च्या घरात येईल आणि धोका तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्तच घटेल. ज्युपिटरमधल्या नेमक्या तुमच्यासारख्या, म्हणजे मधुमेहाच्या उंबऱ्यावरच्या लोकांचा वेगळा हिशेब २०१२मध्ये मांडला गेला. त्यांच्यात मधुमेहाची ५४ नवी प्रकरणं जास्तीची निघाली, पण त्याच वेळी हृदयाच्या, रक्तवाहिन्यांच्या घटना आणि मृत्यू मिळून १३४ टळले. वडिलांचा बावन्नाव्या वर्षीचा अटॅक, तुमचं बीपी आणि १६२चं एलडीएल एकत्र धरलं, तर आमचं उत्तर स्वच्छ आहे: गोळी घ्या. तिशीतल्या, बाकी सगळं ठीक असलेल्या आणि एलडीएल १३५ असलेल्या माणसानं हाच प्रश्न विचारला असता, तर उत्तर इतक्या झटकन दिलं नसतं.

गोळीनं साखर का चढते? स्टॅटिन यकृतातलं कोलेस्टेरॉल बनवणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, अडवतं. यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडू लागतं, म्हणून ते रक्तातलं एलडीएल ओढून घेणारी दारं वाढवतं. तशीच जास्तीची दारं स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरही उघडत असावीत आणि आत शिरलेलं कोलेस्टेरॉल त्या पेशींना जड जात असावं, असा एक तर्क आहे. त्याला आधार उलट्या बाजूनं मिळाला. ज्यांच्यात ही दारं जन्मतःच कमी असतात, म्हणजे आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलचे रुग्ण, त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण कमी निघालं. नेदरलँड्समधल्या २०१५च्या अभ्यासात ते १.७५ टक्के होतं, आणि त्यांच्याच बाकीच्या नातलगांत २.९३. शिवाय स्टॅटिननं वजन थोडं वाढतं आणि इन्सुलिनची धार जराशी बोथट होते.

करायचं काय ते आता. गोळी सुरू करण्याआधीचा तुमचा रिपोर्ट आहेच, त्यावर तारीख घालून तो जपून ठेवा. पुढे वाद झाला तर हाच कागद कामाला येतो, आणि नेमका तोच बहुतेकांकडे नसतो. सहा ते बारा आठवड्यांनी लिपिड (रक्तातलं कोलेस्टेरॉल) तपासा. एचबीए१सी तीन महिन्यांनी, आणि तुमच्या बाबतीत पुढे दर सहा महिन्यांनी. लॅब शक्यतो तीच ठेवा, कारण यंत्र बदललं की ०.२-०.३चा फरक असाच पडतो. ५.९चं ६.० झालं म्हणून कुणाच्या अंगावर ओरडू नका.

आणि गोळीनं जे चढतं त्याच्या कितीतरी पट चालण्यानं उतरतं. चेन्नईत झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध चाचणीत (२००६) साखर उंबऱ्यावर असलेल्यांपैकी काहीच न करणाऱ्या ५५ टक्के लोकांना ३ वर्षांत मधुमेह झाला. खाणं आणि व्यायाम सुधारलेल्यांत हेच प्रमाण ३९ टक्के होतं. विशेष म्हणजे त्यांचं वजन फारसं घटलंच नव्हतं. तुमच्यासाठी आकडे असे: आठवड्यात १५० मिनिटं भरभर चालणं, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतकं. आठवड्यात दोनदा स्नायूंना जोर देणारा व्यायाम, खुर्चीवरून हात न टेकता उठबस किंवा भिंतीला टेकून जोर. पाच-साडेपाच किलो वजन उतरवा. कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणा, पण ती बेंबीच्या पातळीवर टेपनं मोजा. पँटचा नंबर खोटं बोलतो. रात्रीच्या जेवणात भाताआधी वाटीभर उसळ किंवा कोशिंबीर खा, आणि जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं फिरून या.

प्रश्न : माझे पती ६१ वर्षांचे. आठ महिन्यांपूर्वी अटॅक आला, एक स्टेंट बसवला. तेव्हापासून अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ८०, अ‍ॅस्पिरिन ७५, टिकाग्रेलॉर ९० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, मेटोप्रोलॉल ५० आणि रामिप्रिल ५ चालू आहे. हॉस्पिटलात एचबीए१सी ६.१ होतं, आता ६.६ आलं. हे म्हणतात, एक दुखणं बरं करताना दुसरं चिकटवलं. गेले दहा दिवस त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद ठेवलीय, मला काल कळलं. महिन्यापूर्वी एलडीएल ४९ होतं. (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : आधी एक काम: आज रात्रीपासून ती गोळी पुन्हा सुरू करू द्या, आणि दहा दिवस चुकली हे त्यांच्या डॉक्टरांना फोन करून सांगा. स्टॅटिन थांबवलं की दोन ते चार आठवड्यांत एलडीएल पूर्वपदावर जातं. स्टेंट बसवलेल्या जागेवरचा आणि बाकीच्या नसांतला थर याच गोळीमुळे शांत राहतो, आणि अटॅकनंतरचं पहिलं वर्ष सर्वांत नाजूक असतं. ही चाचपणी करायची वेळ नव्हे. टिकाग्रेलॉर आणि अ‍ॅस्पिरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांना तर कुणीही परस्पर हात लावू नये.

आता तो अर्धा टक्का कुठून आला ते पाहू. ८० मिलिग्रॅमच्या जबर डोसनं एचबीए१सी साधारण ०.१ ते ०.२नं चढतं. मेटोप्रोलॉलचाही वाटा असतो. २००४ सालच्या ‘जेमिनी’ चाचणीत मधुमेह्यांना मेटोप्रोलॉल दिल्यावर एचबीए१सी सरासरी ०.१५नं वाढलं, त्याच गटातलं कार्व्हेडिलॉल दिल्यावर मात्र जवळपास जागेवरच राहिलं. रामिप्रिल निर्दोष आहे. उरलेला फरक शोधावा लागेल. अटॅकनंतर घरात बसून वजन वाढलं का? सिगारेट सुटली आणि तोंडात काहीतरी हवं म्हणून बिस्किटं आली का? सिगारेट सोडल्यावर दोन-चार किलो चढणं नेहमीचंच आहे, आणि त्यासाठी सिगारेट पुन्हा धरायची नसते.

आणखी एक गोष्ट, जी बऱ्याचदा नजरेतून सुटते. दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे पोटातून थेंब-थेंब रक्त जाऊ शकतं. त्यानं लोह कमी होतं. लोह कमी असलेल्या माणसाचं एचबीए१सी खोटंच जास्त येतं, कारण लाल पेशी जास्त दिवस जुन्या होत राहतात आणि त्यांच्यावर साखर चढत राहते. म्हणून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. शौचाला डांबरासारखं काळं होत असेल तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. (लोहाच्या गोळ्या चालू असतील तर रंग काळा होतोच, ते डॉक्टरांना सांगा.)

शिवाय एका ६.६वर कुणी मधुमेही ठरत नाही. लक्षणं नसतील तर दुसऱ्या तपासणीनं खात्री करतात: उपाशीपोटी १२६ किंवा वर, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा वर. खात्री झालीच, तर स्टॅटिनची गरज वाढते, कमी होत नाही. २००४च्या ‘कार्ड्स’ चाचणीत हृदयविकार नसलेल्या मधुमेह्यांना फक्त १० मिलिग्रॅम अ‍ॅटोरव्हास्टॅटिन दिलं, तेव्हा मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी घटल्या. तुमच्या यजमानांना तर अटॅक येऊन गेलाय.

पण त्यांची तक्रार अगदीच वाऱ्यावर सोडू नये. डोसबद्दल बोलायला जागा आहे. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला, की एलडीएल जेमतेम ६ टक्के आणखी उतरतं. त्या उलट एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची वेगळ्या गटातली गोळी १० मिलिग्रॅम जोडली तर २० टक्क्यांच्या आसपास उतरतं, आणि एझेटिमाइब साखर वाढवत नाही. कोरियात झालेल्या ‘रेसिंग’ चाचणीत (२०२२) रोसुव्हास्टॅटिन १० अधिक एझेटिमाइब १० हे रोसुव्हास्टॅटिन २०च्या तोडीस तोड ठरलं, आणि गोळी सोसत नाही म्हणून थांबवणारे पहिल्या गटात कमी होते. तेव्हा पुढच्या भेटीत विचारायचा प्रश्न असा: “अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ८०च्या जागी ४० अधिक एझेटिमाइब १० चालेल का? एलडीएल ५५च्या खाली ठेवून?” बदल झाला तर सहा आठवड्यांनी लिपिड पुन्हा तपासा. मेटोप्रोलॉलबद्दलही विचारा: टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचं पंपिंग ५० टक्के किंवा जास्त असेल, तर वर्षानंतर ते किती दिवस हवं याचा आता बरेच हृदयरोगतज्ज्ञ पुनर्विचार करतात. मात्र ही गोळी एका दिवसात बंद करायची नसते, एक-दोन आठवड्यांत उतरवत न्यायची असते. नाहीतर धडधड आणि छातीत दुखणं उलटून येतं.

प्रश्न : मला फक्त बीपी आहे. टेल्मिसार्टन-एच आणि अ‍ॅटेनोलॉल ५० अशा दोन गोळ्या पाच वर्षं घेतोय. स्टॅटिन नाही. तरी उपाशीपोटीची साखर ९६वरून ११४ झाली. पोटॅशियम ३.३ आलंय. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : स्टॅटिनची एवढी बदनामी झालीय, की साखर चढवणाऱ्या जुन्या गोळ्या कुणाच्या लक्षातच येत नाहीत. तुमच्या चिठ्ठीवर त्यातल्या दोन एकत्र आहेत.

पट्टीवरच्या नावामागची अक्षरं वाचायला शिका. ‘एच’ म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड, ‘सीटी’ म्हणजे क्लोर्थालिडोन, ‘एएम’ म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन. नक्की करायचं तर पट्टीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक आणि मिलिग्रॅम छापलेले असतात, ते पाहा. पहिल्या दोन लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गटातल्या आहेत. त्यांनी पोटॅशियम लघवीवाटे जातं, आणि पोटॅशियम उतरलं की स्वादुपिंड इन्सुलिन सोडायला आळसतं. तुमचं ३.३ हा इथला खरा बोलका पुरावा आहे (३.५च्या वर हवं). २००२च्या ‘ऑलहॅट’ चाचणीत सुरुवातीला मधुमेह नसलेल्यांपैकी चार वर्षांनी क्लोर्थालिडोनवर ११.६ टक्के, अ‍ॅम्लोडिपिनवर ९.८ आणि लिसिनोप्रिलवर ८.१ टक्के लोकांची उपाशीपोटीची साखर १२६ किंवा वर गेली होती. अ‍ॅटेनोलॉलसारखा बीटा ब्लॉकर आणि थायझाइड ही जोडी साखरेच्या दृष्टीनं सर्वांत वाईट. २००५च्या ‘अ‍ॅस्कॉट’मध्ये या जोडीपेक्षा अ‍ॅम्लोडिपिन-पेरिंडोप्रिलवर नवा मधुमेह साधारण ३० टक्के कमी निघाला.

न्यायाची बाजूही सांगायला हवी: ऑलहॅटमध्ये साखर चढूनही क्लोर्थालिडोनवाल्यांचे हार्ट अटॅक वाढले नाहीत, आणि पायाला सूज असेल किंवा बीपी हट्टी असेल तर थायझाइडला तोड नाही. पण तुमच्या पत्रात अ‍ॅटेनोलॉलचं कारण दिसत नाही. अंजायना (श्रमानं छातीत दुखणं), अटॅक, धडधड, अनियमित ठोके यांपैकी काही नसेल, तर नुसत्या बीपीसाठी ती आज पहिल्या पसंतीची गोळी राहिलेली नाही. डॉक्टरांना विचारा: टेल्मिसार्टन-अ‍ॅम्लोडिपिनवर जाता येईल का, आणि अ‍ॅटेनोलॉल २५ करून मग हळूहळू बंद करता येईल का? त्या दोन-तीन आठवड्यांत घरी सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहा.

पोटॅशियम वाढवायला स्वतःच्या मनानं सिरप किंवा बाजारातलं कमी सोडियमचं मीठ घेऊ नका. त्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं आणि टेल्मिसार्टन स्वतः पोटॅशियम राखून ठेवतं. ‘एच’ काढल्यावर आकडा उलट्या बाजूला जायला वेळ लागत नाही. गोळी बदलल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) तपासा.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे, हृदयाचं पंपिंग ३० टक्के. त्यांना शुगर कधीच नव्हती. डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन १० लिहून दिलं. औषधाच्या दुकानात म्हणाले, ही तर शुगरची गोळी. त्यात गेल्या आठवड्यात लघवीच्या तपासणीत साखर चार प्लस आली. चुकून दिली का? साखर एकदम उतरून चक्कर येईल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : चुकून दिलेली नाही. ही गोळी मधुमेहासाठी जन्मली आणि हृदयाच्या कामी आली. २०१९च्या ‘डापा-एचएफ’ चाचणीत पंपिंग कमी असलेले ४,७४४ रुग्ण होते, त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांना मधुमेह नव्हताच. गोळी घेणाऱ्यांत हृदयविकारानं मृत्यू किंवा हृदय आणखी खालावणं यांचं प्रमाण १६.३ टक्के होतं, न घेणाऱ्यांत २१.२. मधुमेह असो-नसो, फायदा सारखाच. भारतात २०२०मध्ये तिचं पेटंट संपल्यापासून ती बऱ्याच कंपन्यांच्या नावानं स्वस्तात मिळते. त्यामुळे पट्टीवरचं नाव दर महिन्याला बदललं, तर घटक तेवढा ताडून पाहा.

लघवीत साखर येणं हेच या गोळीचं काम आहे. मूत्रपिंड एरवी गाळलेली साखर परत रक्तात ओढून घेतं, तो नळ ही गोळी अर्धवट बंद करते. साखरेबरोबर मीठ-पाणी जातं आणि हृदयावरचा भार उतरतो. म्हणून ती चालू असेपर्यंत लघवीतली साखर कायम चार प्लस येणार. नव्या लॅबमध्ये किंवा विम्याच्या तपासणीत हे आधीच सांगा, नाहीतर कुणीतरी वडिलांना मधुमेही ठरवून मोकळं होईल. रक्तातली साखर मात्र मधुमेह नसलेल्या माणसात ती एकटी धोकादायक उतरवत नाही, कारण साखर खाली आली की गाळलीही कमी जाते.

चक्कर आली तर ती साखरेची नव्हे, पाणी आणि बीपी उतरल्याची असण्याची शक्यता जास्त. वडिलांना फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड ही लघवीची गोळी बहुधा चालू असेल. दोन्ही मिळून कोकणातल्या मे महिन्यात माणूस कोरडा पडतो. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा. तीन दिवसांत दोन किलो घटलं, किंवा उभं राहिल्यावर अंधारी आली, तर लघवीच्या गोळीचा डोस कमी करायचा का हे डॉक्टरांना विचारा. पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वर जातं, ते अपेक्षित आहे.

या गोळीची खरी कटकट म्हणजे जांघेतली खाज. साखरेवर बुरशी पोसते. लघवीनंतर साध्या पाण्यानं धुऊन कोरडं पुसायचं, सुती अंतर्वस्त्र घालायचं. तरी खाज, पांढरं साय धरल्यासारखं झालं तर बुरशीच्या मलमानं बहुधा आठवड्यात बरं होतं, गोळी थांबवावी लागत नाही. त्या भागात तीव्र दुखणं, लाल सूज आणि ताप असं एकत्र आलं तर मात्र तडक हॉस्पिटल.

उलट्या-जुलाब, ताप किंवा अन्नपाणी बंद अशा दिवशी ही गोळी थांबवतात आणि खाणंपिणं नीट सुरू झाल्यावर पुन्हा घेतात. हा नियम डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. निर्जळी उपवास या गोळीवर करू नये. मोठं ऑपरेशन ठरलं तर किमान तीन दिवस आधी ती बंद करतात, आणि हे भूलतज्ज्ञांना आपण होऊन सांगायचं. नाहीतर रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. त्यात मळमळ, पोटदुखी, धापा लागणं दिसतं आणि साखर जेमतेम वाढलेली असल्यामुळे चटकन ओळखू येत नाही. मधुमेह नसलेल्यांत हे फार विरळ आहे.

प्रश्न : आईला पंधरा वर्षं मधुमेह. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन-व्होग्लिबोज अशी तीन औषधांची एकच गोळी चालू आहे. अटॅकनंतर बायसोप्रोलॉल ५ सुरू झालं. परवा साखर ५२ निघाली, पण ना हात थरथरले, ना धडधडलं. नुसती घामानं भिजली होती. साखरपाणी दिलं तरी अर्धा तास सावरली नाही. (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडल्या. साखर उतरली की अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं, त्यानं थरथर आणि धडधड होते. बायसोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर, म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम अडवणारं औषध, आणि ते नेमकं तेच दाबतं. घाम वेगळ्या मज्जातंतूंमुळे येतो, तो दाबला जात नाही. म्हणून आईच्या बाबतीत यापुढे विनाकारण सुटलेला घाम हीच घंटा समजा: आधी ग्लुकोमीटर, मग बाकीचं. ५२ला कारण बायसोप्रोलॉल नव्हे, ग्लिमेपिराइड आहे. बायसोप्रोलॉलनं फक्त सूचना लपवली. इतक्या वर्षांच्या मधुमेहात आणि अटॅकनंतर ग्लिमेपिराइड कमी करणं किंवा बदलणं हा मुद्दा याच आठवड्यात डॉक्टरांपुढे ठेवा.

साखरपाण्यानं उशीर का झाला? व्होग्लिबोज आतड्यात साखरेचं विघटन अडवतं. आपली साधी साखर दोन तुकड्यांची असते, ती फुटल्याशिवाय रक्तात जात नाही. या गोळीवर असलेल्याला ग्लुकोजची पावडरच द्यावी लागते, ती फुटायची गरज नसते. १५ ग्रॅम, म्हणजे सपाट तीन चमचे, अर्धा कप पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. ७०च्या खाली असेल तर आणखी १५ ग्रॅम द्या. वर आल्यावर पोळी-भाजी किंवा दूध-बिस्किट. पेढा, चॉकलेट देऊ नका, त्यातलं तूप पचन रेंगाळवतं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर झोपवा आणि १०८ला फोन करा. ग्लुकोजचं एक पाकीट घरात, एक पर्समध्ये, एक शेजारच्या वहिनींकडे.

प्रश्न : मला सिकलसेलचा एएस प्रकार (दोष एकाच पालकाकडून आलेला) आहे. स्टॅटिन सुरू करून सहा महिने झाले. एचबीए१सी ५.१ येतं, पण उपाशीपोटी १३१. कोणतं खरं? (एक वाचक, यवतमाळ)

उत्तर : १३१. एचबीए१सी हे हिमोग्लोबिनवर चढलेली साखर मोजतं. हिमोग्लोबिनच वेगळं असेल तर काही पद्धतींत आकडा चुकतो, आणि एसएस प्रकारात (दोष दोन्ही पालकांकडून आलेला) तर लाल पेशी लवकर मरत असल्यामुळे तो मुळीच धरायचा नसतो. विदर्भात, नंदुरबारकडे, आणि थॅलेसेमियाचा वारसा असलेल्या सिंधी कुटुंबांतही डॉक्टरांना हे आपण होऊन सांगावं. उपाशीपोटीची साखर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. पुन्हा १२६ किंवा वर आली, तर मधुमेह आहे असं धरून उपचार होतील. पुढे लक्ष ठेवायला घरचा ग्लुकोमीटर आणि फ्रुक्टोसामाइन ही तपासणी वापरतात.

प्रश्न : स्टॅटिनऐवजी अर्जुनाच्या सालीचा काढा किंवा परदेशातून आणलेल्या ‘लाल यीस्ट तांदळा’च्या कॅप्सूल चालतील का? (एक वाचिका, पणजी)

उत्तर : अटॅक टाळण्यात स्टॅटिनची जागा घेईल असा पुरावा अर्जुनासाठी नाही. लाल यीस्ट तांदळात मोनॅकोलिन-के असतं. रासायनिकदृष्ट्या तेच लोव्हास्टॅटिन, म्हणजे स्टॅटिनच. फरक इतकाच, की कोणत्या कॅप्सूलमध्ये किती आहे याचा भरवसा नसतो. डॉक्टरांनी दिलेल्या स्टॅटिनसोबत ती घेतली तर डोस नकळत वाढतो.

प्रश्न : गोळी रात्रीच का घ्यायची? मी रात्री विसरते. (एक वाचिका, जळगाव)

उत्तर : सिमव्हास्टॅटिन रात्री घ्यावं, ते शरीरात थोडा वेळच टिकतं आणि यकृत कोलेस्टेरॉल मुख्यतः रात्री बनवतं. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दिवसभर टिकतात. ती सकाळी चहाबरोबर घेतली तरी चालेल, जेवणाआधी-नंतर याचाही फरक पडत नाही. चुकलेली गोळी आठवली की घ्या. पण पुढची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्या, दोन एकदम नकोत.